दादा सोबत आहे, एवढ्यावर डायव्ह होत नाही

पत्र:

ताई, मी ठाण्याचा, वय ३४. स्कूबा डायव्हिंगचं माझं अ‍ॅडव्हान्स्ड झालंय, साठेक डायव्ह आहेत, बहुतेक नेत्राणी आणि अंदमान. माझ्या धाकट्या भावाने गेल्या महिन्यात तारकर्लीला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) केलं, म्हणजे कोर्सचे चार डायव्ह आणि बस. फेब्रुवारीत आम्ही दोघंच पाच दिवस हॅवलॉकला चाललोय. मला त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिक्सन्स पिनॅकल या खोल साइटला न्यायचंय, त्याच्या कोर्सची १८ मीटरची लिमिट कागदावरची आहे आणि मी बरोबर असणारच. तो पाण्यात चांगला आहे, माझं सगळं ऐकतो. प्रॉब्लेम एकच, त्याची हवा फार लवकर संपते, तर मधे थोडा वेळ माझा ऑक्टो (बडीला श्वासासाठी द्यायचा जादा रेग्युलेटर) देऊन डायव्ह लांबवला तर चालेल का? आणि खाली त्याचा हात धरून ठेवू की मोकळं सोडू? आई तर म्हणते तू आहेस ना बरोबर, मग मला काळजी नाही. तिने असं म्हटल्यापासून मलाच जरा टेन्शन आलंय.
— थोरला, ठाणे

उत्तर:

अरे, टेन्शन आलंय ते बरंच झालं, ते तसंच राहू दे थोडं. आधी सरळ उत्तरं देते, या ट्रिपला डिक्सन्स नाही, ऑक्टो देऊन डायव्ह लांबवायचा नाही, हात फक्त खाली उतरताना धरायचा. आता कारणं, कारण नुसतं "नको" म्हटलं तर तू तिथे बोटीवर पोचल्यावर मन बदलशील, सकाळी पाणी काचेसारखं असतं आणि बोटीवरचे सगळे डिक्सन्स डिक्सन्स करत असतात तेव्हा भलेभले बदलतात.

तुझ्या पत्रात मला चार डायव्हची काळजी नाही वाटली. चार डायव्हवाले सगळेच असतात कधीतरी, आणि नीट शिकवलेला नवीन डायव्हर बऱ्याचदा साठवाल्यापेक्षा जास्त सांभाळून वागतो कारण त्याला कोर्स अजून ताजा आठवत असतो. मी थांबले ते "माझं सगळं ऐकतो" या वाक्यावर. पाण्याखाली सगळं ऐकणारा बडी (डायव्हचा जोडीदार) हा सगळ्यात अवघड बडी. कान दुखतोय पण दादा खाली चाललाय म्हणून हाही चालला, गेज (टँकमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा) ८० बारवर आलंय पण दादा अजून त्या ईलचे फोटो काढतोय म्हणून हा थांबला, आत कुठेतरी भीती वाटायला लागलीये पण दादाने इतके पैसे भरलेत, इतक्या लांब आणलंय, त्याची ट्रिप कशाला खराब करा. आपल्या घरांमधे लहान भाऊ मोठ्याला "मला नाही जमत" असं तोंडावर सांगत नाही, जमिनीवर सांगत नाही तर पाण्याखाली कुठून सांगणार, तिथे तर तोंडात रेग्युलेटर असतो. म्हणजे तुझा अनुभव त्याला सुरक्षित ठेवेलच असं नाही, उलट त्यामुळे तो स्वतःचं डोकं वापरायचं बंद करू शकतो, आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही आणि तुझ्याही.

बोटीवर अशी जोडी मला लांबून ओळखू येते. जो अनुभवी असतो तो बोलत असतो, हातवारे करत असतो, दुसऱ्याचा टँक तोच उघडतो, बीसीडीचे (हवा भरायच्या जॅकेटचे) पट्टे तोच ओढतो, मास्कला थुंकी लावून तोच धुवून देतो, आणि दुसरा हसत मान हलवत असतो पण त्याचा हात सारखा त्याच त्या मास्कच्या पट्ट्याकडे जातो, एकदा सैल करतो, परत घट्ट करतो, पाण्याची बाटली उघडतो आणि न पिता बंद करतो. विचारलं "ओके?" की लगेच "हो हो ओके". इतक्या पटकन आलेलं ओके मी धरतच नाही. तू भावाला "ओके ना?" असं विचारूच नकोस, कारण त्याला एकच उत्तर आहे. त्याला विचार, "आज किती मीटरपर्यंत जायचं वाटतंय तुला?" किंवा "काल खाली कुठे जरा नको वाटलं?" मग खरं काय ते बाहेर येतं.

यावर उपाय असा की डायव्ह त्याचा करायचा, तुझा नाही. खोली, वेळ, परत फिरायचं प्रेशर, सगळं त्याने ठरवायचं आणि बोटीवर त्यानेच तुला ब्रिफिंग द्यायचं. डाइव्हमास्टरचं ब्रिफिंग झालं की तुम्ही दोघं बाजूला बसा आणि तो तुला सांगेल, आपण इतकं खाली जाणार, इतक्या बारला वळणार, हरवलो तर असं करणार. तो अडखळला तर तू सांगायचं नाही लगेच, त्याला आठवू दे. आपापलं सामान ज्याने त्याने जोडायचं, मग एकमेकांचं तपासायचं, बीसीडी भरतं का रिकामं होतं का, वजनं नीट आहेत का, बकल कुठले आणि कसे सुटतात, हवा पूर्ण उघडी आहे का, आणि दोन-चार श्वास रेग्युलेटरमधून घेताना गेजचा काटा हलत नाही ना (हलला तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे). हे त्याने तुझं तपासायचं, मनापासून, तुझे साठ डायव्ह असले तरी. तुझा ऑक्टो कुठे अडकवलाय ते त्याला बघायला लावू नको, डोळे मिटून हाताने शोधायला लाव, आणि तोंडात घेऊन एक श्वास घेऊ दे. नळी कुठल्या बाजूने येते ते कळण्याची ही जागा आहे, १५ मीटरवर नाही.

आणि एक करार करायचा, तो तर जमिनीवरच. दोघांपैकी कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने अंगठा वर केला की दोघंही वर. का म्हणून विचारायचं नाही, खालीही नाही आणि बोटीवर चार लोकांसमोर तर अजिबात नाही. हे सगळीकडे शिकवतात, पण नुसतं बोलून लहान भावाला ते पटत नाही, त्याला वाटतं हे आपलं बोलायचं असतं. म्हणून मी सांगते की पहिल्या तीन-चार डायव्हला डायव्ह संपवायचं कामच त्याच्याकडे द्यायचं. तू अंगठा दाखवायचा नाही (खरंच काही झालं तर गोष्ट वेगळी), तो दाखवणार, अगदी अर्ध्या तासात दाखवला तरी तू ओके करून त्याच्याबरोबर निघायचं आणि वर आल्यावर चेहरा पाडायचा नाही. दोनदा असं झालं की त्याला कळतं की हे खरं आहे.

अंगठ्यावरून आठवलं, हे फार होतं आपल्याकडे. नवीन माणूस खाली मासे बघून खुश होतो आणि अंगठा दाखवतो, मस्त म्हणून. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे वर चल. मग अनुभवी माणूस मान हलवून "नाही नाही, ओके असा करायचा" असं दाखवत बसतो आणि हळूहळू त्याला सवय लागते की याचा अंगठा म्हणजे मस्त. आणि एक दिवस तो अंगठा खरा असतो. तेव्हा अंगठा दिसला की तो खराच धरायचा, प्रत्येक वेळी, वर निघायचं. चुकून दाखवला असेल तर एक डायव्ह लहान होईल, परत कधी चुकून दाखवणार नाही. आणि "काहीतरी गडबड आहे" हा हात हलवून करायचा सिग्नल आणि मग कुठे गडबड आहे तिकडे बोट, हा त्याच्याकडून वीसेक वेळा गंमत म्हणून करून घे हॉटेलवर. नवीन लोकांना ओके आणि वर हे दोनच सिग्नल सुचतात, मधलं काही सुचत नाही, आणि बहुतेक गोष्टी त्या मधल्याच असतात.

आता डिक्सन्स. तू म्हणतोस लिमिट कागदावरची आहे. डिक्सन्सचा वरचा भागच साधारण १८ मीटरच्या आसपास सुरू होतो आणि तिथून ते तीसच्या पुढे उतरतं, म्हणजे तुझ्या भावाची लिमिट जिथे संपते तिथे ती साइट सुरू होते. शिवाय उघड्या समुद्रात आहे, करंट असतो, कधी चांगलाच असतो, खाली पोचेपर्यंत दोरीवर ताकद जाते. लायसन्स कालच हातात आलेल्या पोराला कोणी पावसात रात्रीचा आंबेनळी घाट चालवायला देत नाही, शेजारी कितीही चांगला ड्रायव्हर बसला असला तरी, कारण स्टिअरिंग त्या पोराच्याच हातात असतं. इथेही तसंच, त्याचे कान, त्याचा श्वास, त्याची बॉयन्सी (पाण्यात ना वर ना खाली असं तोलून राहणं) तू चालवू शकत नाहीस.

आणि हवेचा हिशोब बघ, हा तर तू स्वतः करून बघायला पाहिजेस. वर पाण्याच्या पृष्ठभागावर दाब १ बार, १० मीटरला २, २० ला ३, ३० ला ४. म्हणजे ३० मीटरवर एकेक श्वास वरच्या चौपट हवा खातो. आता धर की त्याची हवा संपली किंवा रेग्युलेटरने दगा दिला आणि तुम्ही दोघं तुझ्या टँकवर आलात. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो, दोघं मिळून ६०, हे पृष्ठभागाचे आकडे. १८ मीटरवर दाब २.८ बार, तिथे सावरायला एक मिनिट गेलं की १६८ लिटर गेले. मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब १.९, म्हणजे २२८ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे सेफ्टी स्टॉप, २७० लिटर. सगळे मिळून साधारण ६६६ लिटर, आणि आपल्याकडे मिळणारा टँक ११ लिटरचा असतो, म्हणजे ६० बार. तुझ्या टँकमधे ते ६० बार त्या क्षणी असायलाच पाहिजेत. आता "५० बारला वर निघू" हे जे सगळे म्हणतात ते १८ मीटरवर दोघांना पुरत नाही हे बघितलंस का. ५० बार घेऊन बोटीवर यायचं असतं, ५० वर खालून निघायचं नसतं. हाच हिशोब ३० मीटरचा केलास तर ९० बारच्या पुढे जातो. म्हणजे डिक्सन्सला तळाशी असताना तुझा टँक शंभरच्या खाली आला की त्याला वाचवायची हवा तुझ्याकडे जेमतेम आहे, आणि तो तर तोपर्यंत कधीच साठ-सत्तरवर आलेला असेल. सेफ्टी स्टॉप अशा वेळी सोडता येतो, खरी इमर्जन्सी असेल तर सोडायचाच, पण प्लॅनच तो सोडण्यावर उभा करायचा नसतो. शिवाय ३० मीटरवर नो-डेको वेळ (म्हणजे जितकं राहून थेट वर येता येतं तो वेळ) जुन्या टेबलप्रमाणे २० मिनिटं, कंप्युटर बहुतेक त्याहून कमी देतात, आणि तिथे नायट्रोजनची थोडी नशा पण चढू शकते, ती पहिल्यांदा अनुभवताना शेजारी इन्स्ट्रक्टर असावा, भाऊ नाही.

त्याला खोल जायची खरंच इच्छा असेल, म्हणजे त्याची, तुझी नाही, तर ट्रिपच्या उत्तरार्धात त्याने तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड करावं, त्यात डीप डायव्ह असतोच, आणि तेव्हा तू हवं तर वेगळ्या बडीबरोबर डिक्सन्स कर. पण आधीचे दिवस कसे जातात त्यावर ठरवा, इथे बसून बुकिंग करू नको.

ऑक्टोचं. मला माहितीये बरेच लोक करतात, काही गाइडपण करतात, पाहुण्यांचा डायव्ह दहा मिनिटं वाढतो आणि सगळे खुश. पण विचार कर की काय होतंय. तुझी हवा म्हणजे त्याचा बॅकअप आहे, आणि तू तो बॅकअप मासे बघण्यात खर्च करतोयस. दोघं नळीच्या अंतरात अडकलेले, हालचाल जमत नाही, त्यामुळे दोघं जास्त हवा ओढतात, आणि शेवटी दोघांचेही टँक एकाच वेळी तळाला. शिवाय त्याच्या डोक्यात बसतं की हवा कमी झाली की दादा देतो. नाही बसायला पाहिजे. हवा कमी झाली की वर जायचं, हे बसायला पाहिजे. ज्याची हवा आधी संपते त्याच्यावर दोघांचा डायव्ह संपतो, इतकं साधं आहे, तुझ्याकडे १२० उरले असले तरी.

त्याची हवा का संपते त्याकडे बघ, तिथे खरा फायदा आहे. नवीन माणसाला बहुतेक वेळा वजन जास्त दिलेलं असतं, शिकवताना खाली गुडघ्यावर बसावं म्हणून, आणि मग तेच कोर्सचं वजन तो आयुष्यभर सांगत फिरतो. जास्त वजन म्हणजे बीसीडीत जास्त हवा, पाय खाली लटकलेले, सायकल मारल्यासारखे फिन्स, आणि धाप. पहिल्या दिवशी किनाऱ्याजवळ वजन तपासा. बीसीडी पूर्ण रिकामं करून साधा श्वास धरून सरळ उभं राहिलं तर पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, श्वास सोडला की हळूहळू खाली. भरलेल्या टँकमधली हवाच दोन-अडीच किलोची असते आणि डायव्हच्या शेवटी ती गेलेली असते, त्यामुळे भरल्या टँकने तपासलंत तर तेवढं वजन वर धरायचं. तारकर्लीला त्याने किती वापरलं होतं ते वेगळा वेटसूट, वेगळा टँक असेल तर उपयोगाचं नाही, परत तपासा. बाकी हात छातीशी, लांब सावकाश उच्छ्वास, आणि काही नाही. हवेवरून त्याला चिडवू नको मात्र, मग तो श्वास रोखून हवा वाचवायला बघतो आणि स्कूबात श्वास रोखणं ही एकच गोष्ट अशी आहे की जी कधीच करायची नाही. भरलेली फुप्फुसं रोखून माणूस एक-दीड मीटर वर आला तरी इजा होऊ शकते, कारण प्रमाणात बघितलं तर दाबाचा सगळ्यात मोठा फरक वरच्या थरातच असतो, १० मीटरपासून वर येईपर्यंत हवा दुप्पट होते. उथळ आहे म्हणून सेफ आहे असं त्यामुळे धरू नकोस.

तुझा कॅमेरा पहिले दोन दिवस हॉटेलवर. हे मी विनंती म्हणून नाही सांगत. गोप्रो हातात असलेला माणूस बडी नसतो, तो पंधरा-वीस सेकंद एका माशात जातो आणि तेवढ्यात भाऊ त्याच्या मागे चार मीटर वर तरंगत गेलेला असतो.

मग खाली कुठे राहायचं. उतरताना समोरासमोर, दोरी असेल तर दोरी धरून, आणि इथे त्याच्या बीसीडीचा पट्टा किंवा दंड धरलास तर चालेल, म्हणजे तो दगडासारखा खाली जाणार नाही. कानासाठी त्याच्या वेगाने उतरायचं, दुखायच्या आधीच इक्वलाइज (नाक दाबून कान मोकळे करणं), नाही झालं तर अर्धा-एक मीटर वर येऊन परत, आणि तिसऱ्यांदाही नाही झालं तर त्या दिवसाचा डायव्ह गेला. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, गोळी घेऊन तर नाहीच, गोळीचा असर खाली उतरला तर वर येताना हवा अडकते. तळाशी पोचलात की हात सोड. हात धरून ठेवलास तर त्याची बॉयन्सी तू करत असतोस आणि तो शिकत नाही. पण सोड म्हणजे पुढे निघून जा असं नाही, त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा, तो अर्धं पाऊल पुढे आणि तू जरा मागे, म्हणजे तो वेग ठरवतो आणि मान वळवली की तुला तो दिसतो. अंतर असं की दोन-तीन किक मारल्या की तुझा ऑक्टो त्याच्या हातात. अंदमानला वीस मीटर दिसतं म्हणून लोक वीस मीटर लांब राहतात, दिसण्याचा आणि पोचण्याचा काही संबंध नाही, हवा संपलेल्या माणसाला वीस मीटर म्हणजे फार लांब.

दर चार-पाच मिनिटांनी गेज विचार. आणि विचारायच्या आधी मनात अंदाज कर की किती असेल, तुझा आणि त्याचा दोन्ही. अंदाजापेक्षा वीस बार कमी निघाले तर तो धापतोय, म्हणजे थांबायचं, काहीतरी धरायला असेल तर (कोरल नव्हे, वाळू किंवा मेलेला खडक) तिथे दोघांनी मिनिटभर नुसता श्वास घ्यायचा.

त्याचे डोळे बघत राहा. भीती सिग्नलने कधीच येत नाही, आधी मास्कमधे दिसते. डोळे मोठे होतात आणि एका जागी थांबतात, तू ओके विचारलंस तर उत्तर उशिरा येतं किंवा येतच नाही, बुडबुड्यांची मधली जागा संपते आणि ते एकसारखे निघायला लागतात, हात पंख्यासारखे फडफडायला लागतात, हात सारखा इन्फ्लेटरकडे (बीसीडीत हवा भरायच्या बटणाकडे) किंवा मास्ककडे जातो. यातलं एक दिसलं तरी समोर जा, अगदी समोर, दंड धर, डोळ्यात बघ, आणि हाताने सावकाश "श्वास सोड" असं दाखव, तू स्वतः मोठा लांब उच्छ्वास करून. आठ-दहा श्वासात माणूस परत येतो बहुतेक. आला तरी मग अंगठा, वर चला, आजचं झालं. आणि तो वर पळायलाच लागला तर त्याला पकडून बीसीडीतली हवा सोड, पाय पसरून ब्रेक लाव, वेग कमी करायचा प्रयत्न कर, पण तुझा स्वतःचा श्वास चालू ठेव, आणि नाहीच आवरला तर सोडून तू नियमाच्या वेगाने वर ये. ऐकायला कठोर वाटतं, सख्खा भाऊ आहे. पण दोन जखमी माणसांपेक्षा वर आलेल्या त्याला मदत करणारा एक शुद्धीवरचा माणूस पाहिजे. वर पोचल्यावर आधी बीसीडी फुगव, गरज पडली तर वजनं सोडून दे, पैसे भरू. घाबरलेला माणूस वर आला की मास्क कपाळावर ढकलतो, रेग्युलेटर थुंकतो आणि जे दिसेल त्यावर चढतो, म्हणून समोरून नाही, मागून टँकच्या बाजूने जायचं.

हरवलात तर एक मिनिट. जास्त नाही. जागेवर गोल फिरून, वर-खाली बघून, बुडबुडे शोधून, आणि मग दोघांनी आपापले सावकाश वर. हे तो पण करणार हे त्याच्याकडून वदवून घे, कारण ऐकणारा भाऊ खाली तुझी वाट बघत बसतो. त्याच्याकडे स्वतःचा कंप्युटर आणि स्वतःची एसएमबी (आपण कुठे आहोत ते दाखवायला वर सोडायचा फुगा) पाहिजे, भाड्याने घे पण घे, तुझ्या मनगटावरचा कंप्युटर तुझी खोली मोजतो.

पाच दिवसांचं मी असं करीन. पहिला दिवस नीमो रीफ, बीच नंबर दोनवरून चालत आत, उथळ, वाळूचा तळ, तिथे मास्कमधे पाणी घेऊन काढणं, रेग्युलेटर सोडून परत घेणं, ऑक्टोवर दोन मिनिटं पोहणं, आणि काही न धरता ५ मीटरवर तीन मिनिटं लटकून राहणं. हे शेवटचं जमत नाही तोपर्यंत बाकी साइट्सची नावंही काढू नका. दुसऱ्या दिवशी लाइटहाउस किंवा अ‍ॅक्वेरियम, तिथेही १२-१४ मीटरवरच, तिथे मासे काही कमी नाहीत. तिसऱ्या दिवशी एकच डायव्ह किंवा सुट्टी, थकलेला माणूस नाही म्हणत नाही तो नुसता गप्प होतो. डायव्ह शॉपला आधीच सांगून ठेव की भाऊ नवीन आहे, आम्हाला हळू ग्रुप पाहिजे, आणि गाइड आहे म्हणून तू बडी नाहीस असं समजू नको. गाइड पुढे बघत असतो, रस्ता शोधत असतो, त्याच्यामागे आणखी दोन-तीन जण असतात. शॉप निवडताना बोटीवर ऑक्सिजन आहे का एवढं विचार आणि बघ, नुसतं "हो सर" ऐकू नको. रात्रीची बिअर शेवटच्या दिवसासाठी ठेवा.

आईचं म्हणशील तर तिला असं सांग, की तो स्वतः शिकलाय, त्याचं त्याला कळतं तेव्हा तो वर येणार आणि मी त्याला अडवणार नाही. आणि हे तिच्यासमोर, तो बसलेला असताना सांग. त्याच्या कानावर ते पडणं जास्त महत्त्वाचं आहे. तिला काळजी वाटेल थोडी, वाटू दे.

शेवटचं परतीचं. तुम्ही रोज डायव्ह करणार, म्हणजे शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसायला निदान १८ तास सोडायचे, मी म्हणेन पूर्ण दिवस सोडा. हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरची फेरी (आता श्री विजय पुरम) हवामानामुळे कधी रद्द होते, वेळा बदलतात, तरी लोक शेवटच्या सकाळी एक डायव्ह उरकून दुपारची फेरी आणि लगेच सकाळचं विमान असं घट्ट बसवतात, ते नको. पाचव्या दिवशी डायव्ह नाही, फेरी विमानाच्या आदल्या दिवशीची, आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीत स्कूबा धरलंय का ते निघायच्या आधी वाच, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत नसतं. ट्रिप झाली की कळव, आणि या वेळी पत्र धाकट्याला लिहू दे.